सुरुवातीच्या रक्तसाक्षींचे सण: तारीख, रंग, वाचन, फुलं, नोव्हेना (कोल्हापूरची घरं आणि प्रार्थना गट यांच्यासाठी)

शाहूपुरीकर

आपल्याकडे संत अँथनी, वेलंकनी माता, फ्रान्सिस झेवियर यांचे सण थाटात होतात, आणि ते व्हायलाच हवेत. पण पहिल्या तीन शतकांत ज्यांनी श्रद्धेसाठी जीव दिला, त्या रक्तसाक्षींची नावं लितानीत, म्हणजे संतांच्या नावांच्या प्रार्थनेत, धावत म्हटली जातात, तेवढीच. पर्पेच्युआ कोण, पॉलिकार्प कुठले, हे मोठ्यांनाही सांगता येत नाही. हे बदलायचं तर काय करावं, कसं करावं, यासाठी हा धागा.

पहिली गोष्ट, सगळे सण धरू नका. जवळजवळ प्रत्येक आठवड्याला कोणी ना कोणी रक्तसाक्षी आहेच, आणि सगळे करायला गेलात तर मार्चपर्यंत उत्साह संपतो. वर्षाला सात-आठ दिवस निवडा आणि तेवढेच जीव लावून पाळा. माझी निवड अशी: २१ जानेवारी आग्नेस, २३ फेब्रुवारी पॉलिकार्प, २९ जून पेत्र आणि पौल, ३ जुलै थॉमस, १० ऑगस्ट लॉरेन्स, १७ ऑक्टोबर अंत्युखियाचे इग्नेशियस, १३ डिसेंबर लुसी, २६ डिसेंबर स्तेफन.

दुसरी गोष्ट, हा दिवस नेमका कशाचा आहे ते घरात समजावून सांगा. आपल्याकडे जयंती वेगळी, पुण्यतिथी वेगळी. इथे पुण्यतिथीलाच जन्मदिवस म्हणतात, कारण त्या दिवशी तो माणूस स्वर्गात जन्माला आला. पॉलिकार्प हे स्मुर्णाचे (आजच्या तुर्कस्तानातलं इझमीर) बिशप. इ.स. १५५ च्या सुमारास त्यांना जाळलं, तेव्हा तिथल्या मंडळीने शेजारच्या मंडळ्यांना पत्र लिहिलं. त्यात स्पष्ट म्हटलंय की त्यांच्या अस्थी आम्ही रत्नांपेक्षा मोलाच्या मानून गोळा केल्या आणि दरवर्षी त्या जागी जमून त्यांच्या रक्तसाक्षीचा जन्मदिवस साजरा करू. आज आपण करतो त्याचं मूळ हेच.

तिसरी, तारीख ठरवायच्या आधी धर्मप्रांताचं त्या वर्षाचं लिटर्जिकल कॅलेंडर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचं कॅलेंडर, बघा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर संताचं नाव छापलंय म्हणून त्या दिवशी चर्चमध्ये तो सण असेलच असं नाही. दर्जे चार: सॉलेम्निटी म्हणजे महोत्सव, त्याखाली सण, मग स्मृतिदिन आणि शेवटी ऐच्छिक स्मृतिदिन. पेत्र-पौल महोत्सव, लॉरेन्स आणि स्तेफन सण, आग्नेस, इग्नेशियस, लुसी स्मृतिदिन. थॉमस इतर देशांत सण आहे, भारतात महोत्सव.

नोव्हेना, म्हणजे सलग नऊ दिवसांची प्रार्थना, करणार असाल तर नऊ दिवस आधी सुरू करा. लॉरेन्सची २ ऑगस्टला सुरू करून १० ला संपवायची.

सॅक्रिस्टीतून

धागा फार गरजेचा आहे. पण शेवटच्या ओळीत चूक आहे, आणि ती सगळीकडे होते म्हणून आधी तीच घेतो.

नोव्हेनाचा नववा दिवस सणाच्या आदल्या दिवशी संपतो. सणाचा दिवस मोजायचा नाही, तो मिस्साचा, म्हणजे चर्चमधल्या ख्रिस्तयागाचा. म्हणून लॉरेन्सची नोव्हेना १ ऑगस्टला सुरू होऊन ९ ला संपते. साधा हिशोब: सणाच्या तारखेतून नऊ वजा करा, आली ती सुरुवात. १० वजा ९, १ तारीख. आग्नेस २१, म्हणून १२ जानेवारी. थॉमसच्या वेळी महिना बदलतो, तिथे बोटांवर मोजा: २४ ते ३० जून सात दिवस, १ आणि २ जुलै मिळून नऊ. म्हणजे सुरुवात २४ जूनला. त्या दिवशी योहान बाप्तिस्मा करणाऱ्याचा जन्मोत्सवही असतो, संध्याकाळची वेळ धरताना एवढं लक्षात ठेवा.

आता रविवारचा प्रश्न, कारण २०२६ मध्ये तो बऱ्याच वेळा येतोय. रविवारपुढे स्मृतिदिन टिकत नाही, आणि संतांचा साधा सणही टिकत नाही. पुढच्या सोमवारी सरकतही नाही, त्या वर्षी वगळलाच जातो. इरेनियस २८ जून २०२६ ला रविवारी येतात, म्हणून नाहीत. सिसिलिया २२ नोव्हेंबर, त्या रविवारी ख्रिस्तराजाचा महोत्सव आहे. लुसी १३ डिसेंबर, आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाच्या तयारीच्या आठवड्यांचा, तिसरा रविवार. १ नोव्हेंबरही रविवार, पण सर्व संत हा महोत्सव असल्याने तो सामान्य काळातल्या रविवारवर मात करतो आणि त्याच दिवशी होतो. लॉरेन्स यंदा सोमवारी आहे, काही अडचण नाही. २०२५ मध्ये मात्र १० ऑगस्टला रविवार होता, म्हणून तो चर्चमध्ये झाला नाही.

घरच्या प्रार्थनेला ही आडकाठी नाही. घरी लुसीची आठवण रविवारी संध्याकाळी करा की. फक्त फादरांकडे त्या दिवशी "लुसीची मिस्सा" मागू नका, त्यांना ती करताच येत नाही.

शाहूपुरीकर

बरोबर, नोव्हेनाची चूक माझीच. १ ऑगस्ट.

जुनी_पंचांगं

तारखांबद्दल अजून एक मोठी गफलत सांगायला हवी. १९६९ मध्ये कॅलेंडर सुधारलं तेव्हा बऱ्याच रक्तसाक्षींच्या तारखा हलल्या. आजीच्या पेटीतलं प्रार्थनेचं पुस्तक त्याआधीचं असेल तर त्यात पॉलिकार्प २६ जानेवारीला, इग्नेशियस १ फेब्रुवारीला, पर्पेच्युआ-फेलिसिटी ६ मार्चला, जस्टिन १४ एप्रिलला आणि थॉमस २१ डिसेंबरला दिसतील. पुस्तक चुकीचं नाही, जुनं आहे. अनेक छापील नोव्हेना-पुस्तिका त्याच जुन्या मजकुरावरून पुन्हा पुन्हा छापल्या जातात, म्हणून हा घोळ संपत नाही.

तारखा हलवल्या त्याही उगीच नाहीत. पॉलिकार्प यांच्या मृत्यूच्या पत्रातच दिवस दिलाय, मार्चच्या पहिल्या तारखेआधीचा सातवा. रोमन पद्धतीत दोन्ही टोकं धरून मोजतात, म्हणजे २३ फेब्रुवारी. सुधारणेत सण त्या मूळ दिवसावर परत नेला. पर्पेच्युआ आणि फेलिसिटी उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये ७ मार्च २०३ ला मारल्या गेल्या. तो दिवस पूर्वी थॉमस अक्विनास यांच्याकडे होता, ते २८ जानेवारीला गेले आणि या दोघींना आपला दिवस परत मिळाला.

काही ठिकाणी मृत्यूची तारीख माहीत असूनही सण दुसऱ्या दिवशी असतो, तेव्हा तो मूळ दिवस आधीच भरलेला असतो. पोप सिक्स्तुस दुसरे ६ ऑगस्ट २५८ ला मारले गेले, पण ६ तारीख प्रभूच्या रूपांतराच्या सणाची, म्हणून ते ७ ला. सिप्रियन १४ सप्टेंबर २५८ ला, पण १४ ला पवित्र क्रुसाचा सण, म्हणून ते कॉर्नेलियस यांच्यासोबत १६ ला.

आणि हे वाचून अंगावर काटा यावा असं: रोममध्ये इ.स. ३५४ ची एक यादी टिकून आहे, कोणत्या रक्तसाक्षीची आठवण कुठल्या तारखेला, कुठल्या स्मशानभूमीत करायची याची. त्यात २० जानेवारीला फाबियन आणि सेबॅस्टियन आहेत, २१ ला आग्नेस, ७ मार्चला पर्पेच्युआ आणि फेलिसिटी, २९ जूनला पेत्र आणि पौल, १० ऑगस्टला लॉरेन्स. आपल्या कॅलेंडरवर आजही त्याच तारखा. कोल्हापुरात १० ऑगस्टला लॉरेन्सचं नाव घेता तेव्हा सोळाशे-सतराशे वर्षांची ओळ धरून घेता.

आजऱ्याची_लेक

एक शंका. बार्बरा यांचं नाव कॅलेंडरमधून काढलं म्हणजे त्या संत राहिल्या नाहीत असं आमच्याकडे काही जण म्हणतात. ४ डिसेंबरला त्यांची प्रार्थना करावी की नाही?

जुनी_पंचांगं

ताई, जरूर करा. १९६९ ला त्यांना सार्वत्रिक कॅलेंडरमधून काढलं, संतपदावरून नाही. रोमन मार्टिरॉलॉजी म्हणजे संतांची मोठी यादी, तिच्यात बार्बरा ४ डिसेंबरला आहेतच. आगमनकाळात १६ डिसेंबरपर्यंत आणि सामान्य काळात, मोकळ्या दिवशी फादर त्या दिवशीच्या यादीतल्या कुठल्याही संताची मिस्सा करू शकतात. ४ डिसेंबर त्यात बसतो. त्यांना आठ-दहा दिवस आधी सांगा, म्हणजे प्रार्थना निवडून ठेवता येते. त्यांच्या चरित्रातल्या बुरुजाच्या आणि विजेच्या कथा मात्र इतिहास म्हणून सांगू नका.

सॅक्रिस्टीतून

वेदीच्या तयारीत नेहमी काय चुकतं ते सांगतो.

रक्तसाक्षींचा रंग लाल. कुमारी असल्या तरी लालच. आग्नेस, लुसी, सिसिलिया यांना पांढरा लावायचा मोह होतो, तो चुकीचा. सर्व संतांच्या दिवशी मात्र पांढरा, कारण ते सगळे रक्तसाक्षी नाहीत. २७ डिसेंबरला योहान प्रेषित, त्यांचाही पांढरा. आदल्या दिवशी स्तेफनसाठी काढलेला लाल रात्रीच घडी करून ठेवा, नाहीतर सकाळच्या घाईत तसाच राहतो.

लाल म्हणजे फादरांचा झगा आणि वेदीच्या पुढचा पडदा. वेदीवरचं वरचं वस्त्र पांढरंच राहतं. इथे पावसाळ्यात एक खरी अडचण येते. जून ते सप्टेंबर हवेत एवढा दमटपणा असतो की नवा लाल पडदा पांढऱ्या वस्त्राला टेकला तर गुलाबी डाग पडतो. कापड घेतानाच पांढरा रुमाल ओला करून त्यावर जोरात घासा. रंग उतरला तर ते कापड घेऊ नका. घरी आणून मिठाच्या पाण्यात बुडवल्याने रंगवलेलं कापड पक्कं होत नाही, हा गैरसमज आहे. आधीच घेतलं असेल तर मागून पांढऱ्या सुती कापडाचं अस्तर लावा आणि कपाटात पांढऱ्या वस्त्रांपासून वेगळं ठेवा.

मेणबत्त्या किमान दोन. लॉरेन्स किंवा पेत्र-पौल असतील तर चार लावा. वरचा पंखा बंद करा किंवा मेणबत्त्या त्याच्या वाऱ्याच्या बाहेर ठेवा. वाऱ्याने ज्योत एका बाजूला झुकते, त्या बाजूची कड वितळते आणि मेण थेट वस्त्रावर ओघळतं. ओघळलंच तर ओलं असताना पुसायला जाऊ नका, ते धाग्यात आत जातं. पूर्ण गार होऊ द्या, बर्फ फिरवा, चमच्याच्या कडेने खरवडा. उरलेल्या डागाच्या वर-खाली टिपकागद ठेवून मध्यम इस्त्री फिरवा. कागद मेण ओढतो. दर वेळी कागदाचा कोरा भाग घ्या. लाल कापडावर इस्त्री शक्यतो टाळाच.

"गौरव देवाला" सण आणि महोत्सवाला म्हणतात, स्मृतिदिनाला नाही. विश्वासांगिकार महोत्सवाला. गायकांना हे आदल्या दिवशी सांगितलं की लॉरेन्सला गौरवगीत राहत नाही आणि आग्नेसला चुकून सुरू होत नाही.

निशिगंध

फुलांचं मी सांगते, रोजचं कामच ते.

उपवासकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत, वेदीला फुलं नसतात. सूट फक्त आनंदाच्या रविवारी (उपवासकाळातला चौथा), महोत्सवाला आणि सणाला. पर्पेच्युआ-फेलिसिटी बहुतेक वर्षी आणि पॉलिकार्प साधारण निम्म्या वर्षी उपवासकाळातच सापडतात, आणि तेव्हा त्यांचा स्मृतिदिनही नुसत्या स्मरणावर येतो. फुलं नाहीत, लाल रंग नाही, दिवसाच्या मिस्सेत फक्त त्यांची प्रार्थना घेता येते. त्या दिवशी लाल गुलाब घेऊन चर्चमध्ये गेलात आणि परत पाठवलं तर वाईट वाटून घेऊ नका. घरच्या तसबिरीपुढे ठेवा.

फुलं वेदीवर नाही, वेदीच्या बाजूला. दोन पसरट मांडण्या वेदीच्या उंचीपेक्षा खाली असल्या की पुरे. रक्तसाक्षींना लाल गुलाब आणि हिरवी पानं एवढंच सुंदर दिसतं. डच गुलाबाची जुडी वीस फुलांची येते. दोन बाजूंना मिळून दोन जुड्या, शिवाय निशिगंधाच्या आठ-दहा काड्या. झेंडू लांबून छान दिसतो, पण जवळ ठेवला तर धुपाच्या वासात त्याचा वास मिसळतो आणि डोकं जड होतं. शिवाय पावसात भिजलेला झेंडू देठाशी आधी कुजतो, बाहेरून कळतही नाही. घेताना मागून देठाजवळ दाबून बघा, चिकट लागलं तर सोडा.

ऑगस्टमध्ये श्रावण आणि सप्टेंबरमध्ये गणपती, त्यामुळे फुलांचा भाव चढतो. सिप्रियन यांचा १६ सप्टेंबर यंदा ऐन गणपतीतच आहे. ऑर्डर चार दिवस आधी द्या आणि फुलं आदल्या दिवशी सकाळीच उचला, संध्याकाळी राहतो तो गाळ.

फोम (फुलं खोचायची स्पंजसारखी विट) वापरणार असाल तर एक गोष्ट काटेकोर करा. मोठ्या टबात पाणी भरून त्यावर विट अलगद सोडा आणि तिला आपोआप बुडू द्या, एक-दोन मिनिटं लागतात. हाताने दाबून बुडवली तर बाहेरून ओली आणि आत कोरडी राहते, आणि जी काडी त्या कोरड्या भागात गेली ती संध्याकाळपर्यंत मान टाकते. लोक फुलवाल्याला दोष देतात, चूक असते दाबण्याची. एकदा सुकलेली विट पुन्हा नीट पाणी पीत नाही, दुसऱ्या सणाला जपून ठेवू नका. गुलाबाची काडी तिरकी कापा, पाण्याखाली येणारी पानं काढून टाका, आणि मांडायच्या आधी दोन-तीन तास खोल बादलीत ठेवा.

मिशन_कंपाउंड

आमचं घराणं प्रोटेस्टंट, अमेरिकन मिशन १८५२ ला कोल्हापुरात आलं त्या परंपरेतलं. सून कॅथलिक आहे. घरात वाद नको म्हणून विचारतो, संतांपुढे दिवा आणि फुलं म्हणजे त्यांची उपासना नाही का? मनापासून विचारतोय.

शाहूपुरीकर

काका, प्रश्न योग्य आहे आणि फार जुना आहे. उपासना फक्त देवाची, संतांना मान. लॅटिनमध्ये यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, लात्रिया आणि दुलिया. पण शब्दांपेक्षा स्मुर्णाच्या त्याच पत्राने समाधान होईल. तिथल्या विरोधकांना भीती होती की हे ख्रिस्ती लोक आता ख्रिस्ताला सोडून पॉलिकार्पला भजतील. मंडळीने उत्तर दिलं की आम्ही ख्रिस्ताची उपासना करतो कारण तो देवाचा पुत्र. रक्तसाक्षींवर प्रेम करतो कारण ते प्रभूचे शिष्य आणि त्याचं अनुकरण करणारे. दुसऱ्या शतकातलं उत्तर आहे हे.

घरात पाळायचा मार्ग सोपा: प्रार्थना पित्याला, ख्रिस्ताद्वारे. संताचं नाव येतं ते "आमच्यासाठी विनंती कर" एवढ्यासाठी. कुटुंबात मतभेद असतील तर पेत्र-पौल, थॉमस आणि स्तेफन यांच्यापासून सुरुवात करा. तिघांचीही वाचनं थेट नव्या करारातली आहेत, ती दोन्ही घरांची. स्तेफनला प्रेषितांची कृत्ये अध्याय ६ आणि ७ मधले उतारे, थॉमसला योहान २०:२४–२९, पेत्र-पौलांना प्रेषितांची कृत्ये १२:१–११.

रंकाळा_सायंकाळ

काका, यंदा ३ जुलैला शुक्रवार आहे. भारतात तो महोत्सव, म्हणून मांसवर्जनाचं बंधन त्या शुक्रवारी लागू नाही. कॅथलिक सुनेसाठी तांबडा-पांढरा करायचा असेल तर खुशाल करा. साध्या स्मृतिदिनाला ही सूट नसते. पोप सिक्स्तुस ७ ऑगस्टला शुक्रवारीच आहेत, तेव्हा वर्जन तसंच राहतं.

जुनी_पंचांगं

वाचायला काय घ्यावं, यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण सण फुलांनी लक्षात राहत नाही, गोष्टीने राहतो. आणि गोष्ट खरी हवी.

सगळ्यात भक्कम आधार असलेले मजकूर मोजके आहेत. पॉलिकार्प यांच्याबद्दलचं पत्र. इग्नेशियस यांची सात पत्रं, रोमला नेलं जात असताना वाटेत लिहिलेली. रोमकरांना लिहितात की मी देवाचा गहू आहे, श्वापदांच्या दातांनी दळला जाऊन ख्रिस्ताची शुद्ध भाकर व्हावी. (दळण, गहू, भाकर: हे आपल्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.) पर्पेच्युआची स्वतःच्या हाताची तुरुंगातली टिपणं: मांडीवर दूधपितं बाळ, बाप पाया पडून विनवतोय, आणि ती म्हणते, या घागरीला घागरच म्हणता येईल ना, तसं मला ख्रिस्ती याशिवाय दुसरं नाव घेता येत नाही. फेलिसिटी गुलाम होती, तुरुंगात बाळंत झाली. सिप्रियन यांच्या खटल्याची नोंद, प्रश्न-उत्तरं जशीच्या तशी. आणि आफ्रिकेतल्या सिल्ली गावचे बारा जण, १७ जुलै १८०. पेटीत काय आहे असं विचारलं तेव्हा त्यांच्यातला एक म्हणाला, पौल या नीतिमान माणसाची पत्रं.

याउलट आग्नेस, अगाथा, लुसी यांचा मान अतिशय जुना, पण सविस्तर चरित्रं बरीच नंतरची. आग्नेस बारा वर्षांची होती, हे चौथ्या शतकातले मिलानचे बिशप अ‍ॅम्ब्रोझ सांगतात. लॉरेन्सची खजिन्याची गोष्टही त्यांच्याकडून येते. एवढं धरा. लुसीचे डोळे काढल्याचा भाग खूप नंतरचा आहे, तो मुलांसमोर रंगवून सांगायची गरज नाही. अलेक्झांड्रियाच्या कॅथरिनबद्दल तर जुना पुरावाच मिळत नाही. तिचा सण पाळा, पण "इतिहास सांगतो की" अशी सुरुवात करू नका. मुलं मोठी झाल्यावर एक गोष्ट खोटी निघाली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो. म्हणून मी याबाबत कडक आहे.

मजकूर पाचशे शब्दांपेक्षा मोठा नको, पाच मिनिटांत वाचून होतो. एकाच माणसाने वाचू नका. सिप्रियन यांचा खटला दोन आवाजांत वाचा, एक न्यायाधीश, एक सिप्रियन, आणि शिक्षा ऐकल्यावर त्यांनी म्हटलेलं "देवाचे आभार" या शब्दांनंतर अर्धा मिनिट शांत बसा. इंग्रजीवरून भाषांतर करणार असाल तर आधी मोठ्याने वाचून बघा, जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य तोडा.

आणि एक विनंती मिस्सेपुरती. फादरांना पहिली ख्रिस्तयागप्रार्थना घ्यायला सांगा, निदान लॉरेन्सच्या दिवशी. तिच्यात सिक्स्तुस, कॉर्नेलियस, सिप्रियन, लॉरेन्स ही नावं एकापाठोपाठ येतात, आणि शेवटाकडे सात स्त्रिया: फेलिसिटी, पर्पेच्युआ, अगाथा, लुसी, आग्नेस, सिसिलिया, अ‍ॅनास्टेशिया. काही नावं कंसात असतात, ती गाळता येतात, आणि घाईत गाळली जातात. "फादर, आज पूर्ण यादी घ्याल का?" एवढं नम्रपणे विचारा.

सॅक्रिस्टीतून

तसबिरींचं बघा, कारण इथे हमखास चूक होते. नेटवर "संत इग्नेशियस" शोधलं की लोयोलाचे येतात. त्यांचा दिवस ३१ जुलै, काळा झगा, हातात पुस्तक. अंत्युखियाचे हवे असतील तर सोबत सिंह दिसले पाहिजेत. थॉमस म्हणून छातीवर सूर्य असलेलं चित्र आलं तर ते अक्विनास. प्रेषित थॉमस यांच्या हातात भाला किंवा सुताराचा गुण्या असतो. फेलिसिटीसोबत सात मुलगे दिसले तर ती रोमची, कार्थेजची नाही. लॉरेन्स लोखंडी जाळीसह, आग्नेस कोकरासह, स्तेफन दगडांसह. खजुराची फांदी सगळ्याच रक्तसाक्षींच्या हातात असते, तिच्यावरून ओळखायला जाऊ नका.

ए४ आकाराची छपाई स्वच्छ हवी असेल तर चित्र निदान २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं घ्या. मोबाइलवर आलेलं छोटं चित्र ताणून छापलं की चेहराच आधी फाटतो. आणि ऑनलाइन कोणी संताचा अवशेष "विकत" देत असेल तर त्या वाटेला जाऊ नका. पवित्र अवशेषांची विक्री चर्चच्या कायद्याने पूर्ण निषिद्ध आहे, कलम ११९०.

रंकाळा_सायंकाळ

ब्लेझ राहिले भावांनो, ३ फेब्रुवारी. गळ्याच्या आशीर्वादाला दोन मेणबत्त्या, आदल्या दिवशी २ तारखेला मंदिरातील अर्पणाच्या सणात आशीर्वादित केलेल्या. वीत-सव्वा वीत लांबीच्या, फुलीसारख्या धरून मधोमध लाल फितीने बांधायच्या आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंनी अलगद टेकवायच्या. पेटवायच्या नाहीत! साडीचा पदर आणि लांब केस, पेटत्या मेणबत्तीपाशी कशाला. फीत ढिली बांधली तर चौथ्या-पाचव्या माणसाला फुली उघडते, म्हणून दोन फेरे आणि घट्ट गाठ. रांग मोठी असेल तर दोन जोड्या तयार ठेवा. फादर नसतील तर नेमलेला सेवकही ही प्रार्थना म्हणू शकतो, फक्त क्रुसाची खूण करून आशीर्वाद देत नाही.

आजऱ्याची_लेक

१० ऑगस्टबद्दल. लॉरेन्स रोमचे डीकन, म्हणजे बिशपांचे मदतनीस, मंडळीचा पैसा आणि गरिबांचं वाटप त्यांच्याकडे. खजिना आणा म्हटल्यावर त्यांनी गरिबांना उभं केलं, हेच मंडळीचं धन म्हणून. मग त्या दिवशी नुसती मिस्सा करून घरी जेवायला बसणं मला अपुरं वाटतं. गटातल्या प्रत्येक घराने शिध्याची एक पिशवी: तांदूळ ५ किलो, तूरडाळ १ किलो, तेल १ लिटर, साखर १ किलो, मीठ, चहापूड, अंगाचे दोन साबण. ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी चढलेलं असतं, तेव्हा तांदूळ-डाळ आत वेगळ्या प्लॅस्टिक पिशवीत गाठ मारून, मग बाहेरची कापडी पिशवी. पीठ देऊ नका, दमट हवेत आठवड्यात जाळी धरतं. पिशव्या अर्पणाच्या वेळी वेदीपाशी न्या आणि त्याच दिवशी दुपारच्या आत पोचवा. घेणाऱ्याचा फोटो काढायचा नाही, हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा. मिस्सेतलं वाचनही तेच सांगतं, करिंथकरांस दुसरे पत्र ९:६–१०, हात राखून पेरणारा आणि सढळ हाताने पेरणारा.

निशिगंध

लुसीच्या दिवशी करायला काय असतं? गोड काही?

आजऱ्याची_लेक

ताई, आपल्याकडचंच आहे. लुसी सिसिलीतल्या सिराक्यूजची. सिसिलीत १६४६ च्या दुष्काळात तिच्या सणाच्या दिवशी गव्हाचं जहाज लागलं आणि भुकेल्या लोकांनी पीठ करायची वाट न बघता गहू उकडूनच खाल्ले, अशी तिथली परंपरा सांगते. म्हणून पालेर्मोत १३ डिसेंबरला पाव-पास्ता टाळून उकडलेल्या गव्हाचा गोड पदार्थ करतात, कुच्चीया. आपली खपलीची खीर म्हणजे त्याची सख्खी बहीण.

सडलेले (कांडून साल काढलेले) खपली गहू घ्या, दुकानात खिरीचे गहू म्हटलं की देतात. पंचवीस-तीस माणसांना १ किलो पुरतो. रात्री भिजत घाला, किमान आठ तास. सकाळी चौपट पाणी घालून कुकरमध्ये, पहिली शिट्टी मोठ्या आचेवर, मग अर्धा तास मंद. दाणा बोटात दाबला की पूर्ण चेपला पाहिजे. तो चेपायच्या आधी गूळ घातलात तर गहू तिथेच निबर राहतो, मग कितीही उकळा. शिजल्यावर रवीने अर्धवट घोटा, सगळं पीठ करू नका. गूळ सव्वा किलो, चिरून. ओलं खोबरं दोन नारळांचं, भाजून वाटलेली खसखस चार चमचे, सुंठ, वेलदोडा, जायफळ. दूध पातेल्यात ओतू नका, उकळत्या गुळात ते फाटतं. कोमट दूध वेगळं ठेवा आणि वाढताना प्रत्येकाच्या वाटीत वरून घाला.

शाहूपुरीकर

यंदा लुसी रविवारी आहे, चर्चमध्ये आगमनकाळाची मिस्सा होईल. आमच्या गटाने घरची प्रार्थना संध्याकाळी साडेसहाला धरली आहे: लाल कापड, एक तसबीर, दोन मेणबत्त्या, मत्तय २५ मधल्या दहा कुमारींचं वाचन, मग खीर. गहू शनिवारी १२ च्या रात्री भिजत घालायचे, तीन घरांत वाटून, कारण एका कुकरात किलोभर मावत नाहीत.